नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम चालत नाही, सेटिंग्ज दिसत नाहीत: काय राहून गेलं ते शोधण्याचा क्रम

इथलं सगळं विंडोज १० आणि ११ यांना धरून आहे.

लक्षणं

पुढच्यापैकी नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. संदेश आला असेल तर तो शब्दशः लिहून ठेवा किंवा त्याचा फोटो काढा. नुसत्या 'एरर येतोय' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

• आयकॉनवर डबल-क्लिक केलं तरी काहीच होत नाही, किंवा शॉर्टकटची मूळ फाइल सापडत नाही असं येतं.
• एखादी डीएलएल फाइल (प्रोग्रॅमला चालायला लागणारी सहायक फाइल) नसल्याची तक्रार येते. बहुतेक वेळा नावात 'एमएसव्हीसीपी१४०' किंवा 'व्हीसीरनटाइम१४०' असतं.
• '०एक्ससी०००००७बी' हा क्रमांक दाखवून प्रोग्रॅम बंद पडतो.
• प्रोग्रॅम उघडतो, पण कोरा करकरीत. टूलबार, टेम्प्लेट, सह्या, जुनी यादी, सगळं गायब.
• प्रोग्रॅम पुन्हा लायसन्स मागतो, किंवा मशीनची मर्यादा संपली असं सांगतो.
• ब्राउझरमध्ये बुकमार्क आले, पासवर्ड आले नाहीत. मेलमध्ये खातं आहे, जुनी पत्रं नाहीत.
• जुनी डिस्क बाहेरून जोडली तर फोल्डर उघडायची परवानगी नाही असं येतं, किंवा ४८ अंकी की मागितली जाते.
• जुन्या मराठी फाइलीत मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

हे का होतं

विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम एका फोल्डरात मावत नाही. त्याच्या मुख्य फाइली 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये जातात. त्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, होते. तुमची आवडनिवड 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात साठते, सगळ्या वापरणाऱ्यांचा सामाईक डेटा 'प्रोग्रॅमडेटा'त, आणि लायसन्स बऱ्याचदा त्या मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं. यातला एकच फोल्डर उचलून नव्या मशीनवर ठेवला की बाकीचं मागे राहतं, आणि काय मागे राहिलं त्यावर लक्षण ठरतं. डीएलएलची तक्रार आली तर सहायक फाइली राहिल्या. प्रोग्रॅम कोरा उघडला तर ॲपडेटा राहिला.

म्हणून प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल करायचा आणि सेटिंग्ज व तुमचं काम तेवढं जुन्यावरून आणायचं. विंडोज ७ मध्ये 'इझी ट्रान्सफर' नावाचं साधन होतं, विंडोज १० मध्ये ते काढलं गेलं. अनेकांना ते प्रोग्रॅमही नेत असे असं वाटतं, पण ते तेव्हाही फाइली आणि सेटिंग्जच नेत असे.

तपासणीच्या आधी: जुनं मशीन फॉरमॅट करू नका

लायसन्स सोडवणं, पासवर्ड बाहेर काढणं, मेलचा बॅकअप घेणं ही कामं जुनं विंडोज चालू असतानाच होतात. डिस्कवर सगळ्या फाइली शाबूत असल्या तरी विंडोज सुरू होत नसेल तर यातलं निम्मं काम अडतं. नव्या मशीनवर महिनाभर रोजचं काम सुरळीत होईपर्यंत जुनं तसंच राहू द्या. महिना यासाठी, की महिनाअखेरीला एकदाच लागणारा प्रोग्रॅम त्याशिवाय आठवत नाही.

तपासणी १: प्रोग्रॅम इन्स्टॉल झालाय की नुसता कॉपी झालाय?

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' (विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स') ही यादी उघडा. प्रोग्रॅमचं नाव तिथे नसेल तर तो इन्स्टॉल झालेलाच नाही, फाइली फक्त आणून ठेवल्या आहेत. त्या काढून टाका आणि निर्मात्याच्या साइटवरून इन्स्टॉलर घ्या. पोर्टेबल प्रकारचे प्रोग्रॅम याला अपवाद. ते यादीत नसले तरी चालतात, कारण त्यांचं सगळं एकाच फोल्डरात असतं.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केल्यावर जुन्या मशीनवरचे आयकॉन नव्या स्टार्ट मेनूत दिसू लागतात, आणि सगळं आपोआप आलं असा समज होतो. स्टोअरबाहेरच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तो आयकॉन म्हणजे नुसती पाटी असते. क्लिक केल्यावर तो इन्स्टॉल करण्याच्या ठिकाणी नेतो, एवढंच.

प्रोग्रॅम वीस-पंचवीस असतील तर जुन्या मशीनवर 'विंगेट' ही टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायची, प्रोग्रॅम इन्स्टॉल करणारी आज्ञा वापरा. तिला 'एक्स्पोर्ट' सांगितलं की प्रोग्रॅमची यादी एका फाइलीत उतरते. नव्यावर ती फाइल देऊन 'इम्पोर्ट' सांगितलं की ते एकामागून एक इन्स्टॉल होतात. विंगेटच्या भांडारात नसलेल्या प्रोग्रॅमबद्दल ती यादी बनवतानाच सूचना देते, ती नीट वाचा. ते तुम्हाला हाताने करायचे आहेत. सेटिंग्ज किंवा लायसन्स विंगेट आणत नाही.

तपासणी २: फाइल तिथेच आहे, पत्ता बदललाय का?

विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं दिलं तर तुमच्या यूजर फोल्डरला ई-मेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांचं नाव मिळतं. जुन्या मशीनवर तुमचं पूर्ण नाव असेल तर प्रत्येक पत्ता बदलला. भर म्हणून वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा) बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. 'अलीकडच्या फाइली' उघडत नाहीत, एक्सेलमधल्या लिंक तुटतात, व्हिडिओ एडिटरच्या प्रोजेक्टमध्ये क्लिप हरवल्या असं दिसतं, ते यामुळे. फाइल शोधून प्रोग्रॅमला नवा पत्ता दाखवा. बहुतेक ठिकाणी एक दाखवली की बाकीच्या आपोआप जुळतात.

वनड्राइव्हची आणखी एक गोष्ट पाहा. फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती डिस्कवर नाही, नुसतं नाव आहे. जुन्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर कॉपी करण्याआधी त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून फाइली कायम या मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

तपासणी ३: डीएलएल आणि सहायक पॅकेज

'एमएसव्हीसीपी१४०' नाही म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नाही. ते फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, आणि ६४-बिट विंडोजवर ६४-बिट व ३२-बिट असे दोन्ही प्रकार टाका. प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर त्याला ३२-बिटचीच फाइल लागते, विंडोज कितीही नवं असो. २०१५ पासूनच्या आवृत्त्यांना एकच पॅकेज पुरतं. २००८, २०१०, २०१२ आणि २०१३ ही मात्र वेगवेगळी, आणि नवं टाकलं म्हणून जुन्याचं काम भागत नाही.

हरवलेली डीएलएल एखाद्या भलत्या साइटवरून उतरवून 'सिस्टिम३२'मध्ये टाकण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. कृपा करून तो करू नका. एक तर अशी फाइल कुठून आली ते कळत नाही. दुसरं, ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' हा फोल्डर नावाच्या उलट ६४-बिट फाइलींचा आहे, ३२-बिट फाइली 'सिसवॉव६४'मध्ये असतात. नावावर विसंबून ३२-बिट डीएलएल तिथे टाकली की वर सांगितलेला '०एक्ससी०००००७बी' येतो. ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ हे त्याचं नेहमीचं कारण.

जुना प्रोग्रॅम डॉट नेट ३.५ मागत असेल तर ते 'विंडोज फीचर्स' या खिडकीत खूण करून चालू करता येतं.

तपासणी ४: सेटिंग्ज कुठे राहिली?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच घाईने होतं.

आधी प्रोग्रॅमच्याच मेनूत सेटिंग्जचा एक्स्पोर्ट-इम्पोर्ट आहे का ते पाहा. असेल तर तोच वापरा. नसेल तरच फोल्डर हुडकायला लागा.

ॲपडेटा दिसण्यासाठी फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत लपवलेल्या गोष्टी दाखवा. आत तीन फोल्डर सापडतील. 'रोमिंग'मध्ये खरी सेटिंग्ज असतात, आधी तिथे बघा. 'लोकल'मध्ये बरंचसं कॅशे (तात्पुरत्या फाइली) असतं, म्हणजे कॉपी करण्याजोगं थोडंच. 'लोकललो' क्वचित लागतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं रोमिंगमध्ये नेमकं काय कुठे आहे ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त हळहळ याचीच होते. आउटलुकच्या सह्या 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डरातल्या 'सिग्नेचर्स'मध्ये. वर्डचं मूळ टेम्प्लेट, म्हणजे 'नॉर्मल', 'टेम्प्लेट्स'मध्ये. शब्दकोशात भरलेले तुमचे शब्द 'यूप्रूफ'मध्ये. आणि एक्सेलचे मॅक्रो (नोंदवून ठेवलेल्या आज्ञा) 'एक्सेल'मधल्या 'एक्सएलस्टार्ट'मध्ये, 'पर्सनल' नावाच्या फाइलीत. वर्षानुवर्षं जमवलेले मॅक्रो या एका फाइलीत असतात, आणि डॉक्युमेंट्स फोल्डरचा कितीही नेटका बॅकअप घेतला तरी ती त्यात येत नाही.

अगदी जुना प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायचा प्रयत्न करतो. विंडोज त्याला तिथे लिहू देत नाही आणि ती फाइल गुपचूप ॲपडेटाच्या 'लोकल'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये वळवतं. प्रोग्रॅम फाइल्समधली सेटिंग फाइल आणली तरी जुने बदल दिसत नसतील तर हा फोल्डर हमखास तपासा.

काही प्रोग्रॅम सगळं रजिस्ट्रीत ठेवतात. पुटी (दूरच्या सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम) हे ठळक उदाहरण, त्याची जतन केलेली सगळी कनेक्शन तिथे असतात. अशा वेळी रजिस्ट्री एडिटरमध्ये 'करंट यूजर'च्या 'सॉफ्टवेअर' शाखेत त्या प्रोग्रॅमची तेवढीच फांदी निवडा, एक्स्पोर्ट करा आणि नव्यावर त्या फाइलीवर डबल-क्लिक करा. 'लोकल मशीन'ची अख्खी शाखा आणून मिसळू नका. तिच्यात जुन्या हार्डवेअरच्या आणि सेवांच्या नोंदी असतात, आणि नवं विंडोज त्यानंतर सुरूच न होण्याची शक्यता असते.

कॉपीचा क्रम असा: नव्या मशीनवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करा, एकदा उघडून बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये तो खरंच बंद झालाय ना ते पाहा, नव्याने तयार झालेल्या सेटिंग फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, मग जुना फोल्डर तिथे आणा. प्रोग्रॅम चालू असताना फाइल बदलली तर बंद होताना तो आपलीच जुनी प्रत पुन्हा लिहितो आणि तुमची मेहनत पुसली जाते. शक्यतो दोन्हीकडे एकच आवृत्ती असू द्या. नवी आवृत्ती हवी असेल तर सेटिंग्ज आल्यावर अपडेट करा.

मोठे फोल्डर नेताना दोन गोष्टींनी घात होतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, मोकळी जागा कितीही असो. तो एक्सफॅटने फॉरमॅट करा. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधी रिकामा करा. दुसरं, रोबोकॉपी (विंडोजमधली फोल्डर कॉपी करण्याची आज्ञा) वापरत असाल तर 'एक्सजे', 'आर १' आणि 'डब्ल्यू १' हे पर्याय जोडा. ॲपडेटात स्वतःकडेच परत नेणाऱ्या आडवाटा असतात, त्या 'एक्सजे'ने टळतात. बाकीचे दोन दिले नाहीत तर एखादी अडकलेली फाइल रोबोकॉपी ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा कॉपी करून बघतो, म्हणजे काम कधी संपतच नाही.

खिचडी दिसणाऱ्या मराठी फाइलींना युनिकोडपूर्व काळातला फॉन्ट लागतो. तो जुन्या मशीनच्या विंडोजमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून आणा. तिथे नसेल तर ॲपडेटाच्या 'लोकल'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' असं जाऊन पाहा, कारण एकाच खात्यापुरते टाकलेले फॉन्ट तिथे असतात. फाइल बिघडलेली नाही, त्यामुळे ती दुरुस्त करत बसू नका आणि त्या अवस्थेत सेव्हही करू नका.

तपासणी ५: लायसन्स

नव्यावर की टाकण्याआधी जुन्यावर प्रोग्रॅमच्या 'हेल्प' किंवा 'अकाउंट' मेनूत 'डीॲक्टिव्हेट' किंवा 'साइन आउट' शोधा. मशीनची मोजदाद निर्मात्याच्या सर्व्हरवर होते. जुनं मशीन तिथून काढलं नाही तर ते फॉरमॅट झाल्यावरही तुमची एक जागा अडवून बसतं. जुनं मशीन गेलंच असेल तर निर्मात्याच्या साइटवरच्या खात्यात उपकरणांची यादी असते का ते बघा. तिथूनही काढता न आल्यास त्यांच्या मदत केंद्राला लिहा, सोबत खरेदीची पावती जोडा.

मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. ते हलवता येत नाही, आणि त्यावर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. ऑफिसची जुनी की कॉम्प्युटरमधून काढून देणारी साधनंही भरवशाची नाहीत. नव्या आवृत्त्यांमध्ये की चे शेवटचे ५ वर्णच मशीनवर उरतात.

तपासणी ६: पासवर्ड आणि मेल

क्रोम आणि एज पासवर्ड साठवताना ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद करतात. म्हणून प्रोफाइल फोल्डर कॉपी केला तर बुकमार्क येतात, पासवर्ड उघडत नाहीत. जुन्यावर सिंक चालू करा, किंवा पासवर्ड सीएसव्ही फाइलीत एक्स्पोर्ट करा. त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, तेव्हा इम्पोर्ट होताच ती पेन ड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डर अख्खा नेला तर पासवर्डही येतात, कारण त्याची किल्ली त्याच फोल्डरात असते.

आउटलुकमध्ये फाइलीचा प्रकार पाहा. 'ओएसटी' ही सर्व्हरवरच्या पत्रांची स्थानिक प्रत आहे. ती दुसऱ्या मशीनवर उघडत नाही आणि न्यायची गरजही नाही, खातं जोडलं की ती नव्याने बनते. 'पीएसटी' मात्र जपून न्या. खातं पॉप प्रकारचं (पत्रं सर्व्हरवरून मशीनवर उतरवणारं) असेल तर जुनी पत्रं फक्त त्याच फाइलीत असू शकतात. कॉपी करताना आउटलुक बंद हवं.

तपासणी ७: हिशेबाचे आणि डेटाबेसवर चालणारे प्रोग्रॅम

इथे फोल्डर कॉपी करूच नका. डेटाबेसची सेवा चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते, आणि ते लगेच लक्षातही येत नाही. प्रोग्रॅममधला बॅकअप घ्या, नव्यावर तंतोतंत तीच आवृत्ती टाका, रिस्टोअर करा, शेवटच्या नोंदी आणि शिल्लक दोन्ही मशीनवर शेजारी शेजारी ताडून पाहा, मग अपडेट करा. ओडीबीसी कनेक्शन (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी सोय) लागत असेल तर ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन वेगळ्या खिडक्या असतात. प्रोग्रॅम ज्या प्रकारचा, त्याच खिडकीत नोंद करावी लागते.

तपासणी ८: जुनी डिस्क बाहेरून जोडताना

एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कला एनव्हीएमईचंच एन्क्लोजर, म्हणजे बाहेरून जोडायची डबी, लागतं. आकार सारखा दिसला तरी साटा या जुन्या प्रकारच्या एम.२ एन्क्लोजरमध्ये ती दिसत नाही. परवानगीचा संदेश आला तर फक्त तुमच्या यूजर फोल्डरवर 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. नव्या विंडोजला तुमचं जुनं खातं अनोळखी असतं, म्हणून ते विचारतं. अख्ख्या ड्राइव्हची मालकी घेऊ नका, जुनं विंडोज त्यानंतर नीट चालेलच असं नाही.

४८ अंकी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनच्या सोयीने, कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने वापरलेल्या बऱ्याच मशीनवर हे न सांगता चालू होतं. की त्या खात्याच्या साइटवर मिळते, ऑफिसचं मशीन असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे.

तपासणी ९: नव्या मशीनला ते झेपतच नाही का?

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. त्यावर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि ३२-बिट ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या फाइली) मुळीच बसत नाहीत. जुना स्कॅनर किंवा डोंगल (प्रोग्रॅमच्या लायसन्ससाठी लावायची छोटी यूएसबी किल्ली) अडतं ते इथे. नव्या मशीनचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा) असेल तर नेहमीचे प्रोग्रॅम अनुवादाने चालतात, पण ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. निर्मात्याने तो दिला नसेल तर दुसरा मार्ग नाही. अशा एखाद्या यंत्रासाठी जुनं मशीन ठेवावं, मात्र इंटरनेटपासून तोडून. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

जुनी डिस्क क्लोन करून (हुबेहूब नक्कल करून) नव्या मशीनमध्ये बसवणं हा शेवटचा आणि सर्वांत बेभरवशाचा उपाय. स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा असला की निळा पडदा येतो, जुनं विंडोज लीगसी म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट होत असेल तर यूईएफआय ही नवी पद्धत वापरणाऱ्या मशीनवर ते उठतच नाही, आणि उठलं तरी लायसन्सचे प्रश्न तसेच राहतात.

कुठे थांबायचं

जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल, किंवा कॉपी मध्येच गोठून डिस्क दिसेनाशी होत असेल तर वीज ताबडतोब बंद करा. त्यावर 'चेकडिस्क' चालवू नका, पुन्हा पुन्हा जोडून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नाने उरलेला भाग खराब होतो. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जा, साध्या दुरुस्तीवाल्याकडे नको.

बिटलॉकरची की कुठेच नसेल तर तिथेही थांबा, पण कारण वेगळं आहे. की शिवाय ती डिस्क तज्ज्ञालाही उघडता येत नाही, आणि उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

डेटाबेस रिस्टोअर होताना चूक दाखवत असेल किंवा शिल्लक जुळत नसेल तर नव्या मशीनवर एकही नोंद करू नका, प्रोग्रॅमच्या अधिकृत सेवा देणाऱ्याला बोलवा. दोन्हीकडे नोंदी सुरू झाल्या की त्या नंतर एकत्र करणं मूळ बिघाडापेक्षा अवघड होऊन बसतं. डिजिटल सही, बँकेचं प्रमाणपत्र किंवा कंपनीचं व्हीपीएन असेल तर तेही देणाऱ्याकडूनच नव्याने बसवून घ्या.

बोलावलेल्या माणसाच्या हाती तीन गोष्टी द्या: संदेशाचा फोटो, जुन्या मशीनवरच्या प्रोग्रॅमची आवृत्तीसकट यादी, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं त्याची क्रमवार टिपणं. रजिस्ट्रीत किंवा सिस्टिम फोल्डरात काही टाकलं असेल तर तेही न लपवता सांगा, शोध तिथूनच सुरू करावा लागतो.